मूळपेशी-प्रत्यारोपण आणि त्यापूर्वीचा रसायनोपचार

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत गोंड, कोलाम व परधान या जमातींची वस्ती आहे. विदर्भाच्या इतर भागांप्रमाणे येथेही सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हेच त्याचे मूळ. ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याचा आकार धारण करतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व अकाली नष्ट होतात. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. तथापि रोग समूळ जात नाही. त्यासाठी रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशीच बदलाव्या लागतात.

मात्र दात्याच्या मूळपेशी नुसत्या शिरेवाटे दिल्याने रुजत नाहीत. एक तर अस्थिमज्जेतील जागा रोग्याच्या स्वतःच्या मूळपेशींनी व्यापलेली असते. दुसरे असे की, त्याची प्रतिकारयंत्रणा परक्या पेशींचा नाश करते. वारंवार रक्त घेतलेल्या रोग्यात हा विरोध अधिक तीव्र असू शकतो. म्हणून बुसल्फानने मज्जा रिकामी करतात, तर सायक्लोफॉस्फामाइड किंवा फ्लुडाराबिन यांनी प्रतिकार दडपतात. रक्ताच्या कर्करोगात हीच औषधे रोगाचाही नाश करतात. येथे मारावयाच्या कर्कपेशीच नसल्यामुळे औषधाची प्रत्येक अधिक मात्रा रोग्याला केवळ अपायकारक ठरते. जंतुसंसर्ग, यकृतातील सूक्ष्म शिरांचा अवरोध व वंध्यत्व हे त्यातील प्रमुख धोके होत.

मात्रा कमी करण्यास एक शास्त्रीय आधार आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल पेशी बहुधा १० ते २० दिवसच. त्यामुळे मज्जेतील सुमारे एक पंचमांश पेशी दात्याच्या असल्या, तरी रक्तातील बहुसंख्य तांबड्या पेशी निरोगी राहू शकतात. मज्जा संपूर्ण रिकामी करण्याची आवश्यकता त्यामुळे उरत नाही, आणि सौम्य पूर्वोपचाराच्या पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

ऊतिसाम्य असलेला दाता सख्ख्या भावंडांत मिळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारांत एक असते. ते भावंड सिकलसेलचे केवळ वाहक असले तरी चालते. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुक-संपादन उपचारात रोग्याच्याच पेशी वापरतात. तेथे दात्याचा प्रश्न उरत नाही, परंतु बुसल्फान टळत नाही. सारांश, रोग्याच्या कुटुंबाला निर्णय करावयाचा असतो तो प्रत्यारोपणाइतकाच या पूर्वोपचाराविषयी. विशेषतः वंध्यत्वाच्या धोक्याची कल्पना उपचार सुरू होण्यापूर्वीच, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत, त्याला दिली गेली पाहिजे.