सूर आधी, शिकवणी मागाहून

पावसाळा तोंडावर आला, की गायन-वादनाच्या वर्गांत मुलांची नावे घालण्यासाठी पालकांची लगबग सुरू होते. गेल्या आठवड्यात फोंडे महालातील एक गृहस्थ कामानिमित्त आमच्या कचेरीत आले होते. काम आटोपले तरी ते घुटमळत उभे राहिले आणि म्हणाले, "संपादकबाब, एक घरगुती गोष्ट विचारू?" त्यांची मुलगी पाच वर्षांची. आरतीला उभी राहिली, की सुरात गाते. गायनवर्गाचे मास्तर म्हणतात, आत्ताच घाला, उशीर केलात तर गळा वळायचा नाही. घरची आजी म्हणते, सात वर्षे पुरी होईस्तोवर तिला कोणाच्या हाती देऊ नका. फी भरायची मुदत चार दिवसांवर आली होती. गृहस्थांचा पगार बेताचा. घरात दोन तट पडले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

त्यांना तेथल्या तेथे जे सांगितले ते अपुरे होते, असे मागाहून आम्हांला वाटले. हा प्रश्न त्या एका घराचा नाही, म्हणून आजचा हा स्तंभ त्याला देत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संगीत ऐकू लागण्याचे वय आणि संगीताची शिकवणी सुरू करण्याचे वय ही दोन वेगवेगळी वये आहेत. आपल्या चर्चांत त्यांची गल्लत होते आणि बहुतेक वाद त्या गल्लतीतून उत्पन्न होतात. मूल आईच्या उदरात असतानाच, शेवटच्या महिन्यांत, आवाज ऐकू लागते, हे आता वैद्यकशास्त्राने निर्विवाद मानले आहे. म्हणजे कानाचे शिक्षण जन्माआधीच सुरू झालेले असते. पाळण्यातील अंगाई, जात्यावरच्या ओव्या, देवळातील आरती या सर्वांनी पिढ्यान् पिढ्या हेच काम केले. त्याची फी कोणी भरली नाही आणि त्याचे प्रमाणपत्रही कोणाला मिळाले नाही.

या बाबतीत गोमंतकीय मुलाइतके भाग्यवान मूल विरळाच. चवथीच्या दिवसांत घरोघरी आरत्या रंगतात. घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या गजरात चार वर्षांचे पोर मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसते आणि लयीचा पहिला पाठ आपसूक घेते. तोच घुमट आज गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून शासनमान्य झाला आहे; पण शासनाने मान्य करण्यापूर्वी कितीतरी आधी तो मुलांचा गुरू होता. वास्कोचा दामोदर सप्ताह, गावोगावची भजने, शिगम्याचे रोमटामेळ, पौषातले धालो या साऱ्या खुल्या शाळाच आहेत. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे पाहा. चर्चच्या आधाराने चालणाऱ्या शाळांतून त्यांची मुले लहानपणीच स्वरलिपी वाचू लागत आणि व्हायोलिन हाती धरीत. त्याच मुलांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद उभे केले. त्या मुलांना आधी लाभले ते सामुदायिक गाणे. एकट्याने वाजवणे नंतर आले.

म्हणून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाविषयी आमचे म्हणणे सरळ आहे. त्याला गाणे शिकवू नका, गाण्यात वाढवा. घरात कोणीतरी रोज थोडे गावे. आवाज चांगला असलाच पाहिजे असे नाही, सूर बरा असला म्हणजे झाले. यंत्रावर वाजणारे गाणे हे गाणाऱ्या आजीची जागा घेऊ शकत नाही, कारण यंत्र मुलाच्या डोळ्यांत पाहत नाही आणि चुकल्यावर हसतही नाही.

मग शिकवणी केव्हा? येथे परदेशांतील काही गोष्टी आपल्या कानांवर येतात. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती लहान मापाची व्हायोलिने दिली आणि मातृभाषा शिकावी तसे संगीत शिकावे, असा विचार मांडला. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी वाद्याआधी गाण्याला अग्रस्थान दिले. हे दोन्ही विचार मोलाचे आहेत. पण सुझुकींच्या पद्धतीत आई किंवा वडील मुलाबरोबर स्वतः शिकायला बसतात, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरले जाते. मुलाला वर्गाच्या दाराशी सोडून बाजारहाटाला जाणाऱ्या पालकांनी सुझुकींचे नाव घेऊ नये.

दुसरे एक भय पालकांना घातले जाते. कोणताही स्वर नुसता ऐकून अचूक ओळखण्याची शक्ती सहा-सात वर्षांच्या आतच रुजते, पुढे नाही, म्हणून घाई करा, असे सांगतात. त्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. परंतु आपल्या संगीतात षड्ज स्थिर नसतो. ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे तो ठरतो आणि बाकीचे स्वर त्या षड्जाच्या नात्याने ओळखायचे असतात. हे नाते ओळखणे दहाव्या वर्षीही शिकता येते आणि पन्नासाव्याही. तेव्हा त्या भयाने कोणी झोप घालवू नये.

आमच्या मते वय हा या प्रश्नाचा खरा निकष नव्हे. मुलाची तयारी हा आहे. ऐकलेली ओळ मूल बऱ्यापैकी सुरात परत म्हणते काय? पंधरा मिनिटे एका जागी, एका गोष्टीत मन घालून बसू शकते काय? चूक दाखवली असता रडून उठत नाही, पुन्हा करून पाहते काय? आणि मुख्य म्हणजे, स्वतःहून मागते काय? या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, की वेळ झाली असे समजावे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास येते. एखाद्याची आधी येईल, एखाद्याची दहाव्या वर्षी येईल. तबल्यासाठी बोटांत थोडे बळ यावे लागते. पेटीवर गाणे बसवण्याची घाई करू नये. पेटीचे स्वर ठरीव असतात आणि तिच्यावर टेकून गाण्याची सवय लागली, की कान आळशी होतो. तंबोऱ्याच्या नादात, मग तो यंत्राचा का असेना, मुलाने आपला स्वर शोधावा. त्यातही षड्ज मुलाच्या गळ्याला झेपेल तोच धरावा, शिकवणाऱ्याच्या सोयीचा नव्हे. रोजचा सराव पंधरा-वीस मिनिटांचा असला तरी पुरे; पण तो रोजचा हवा.

यावर कोणी थोरांची उदाहरणे पुढे करील. ती जरूर पाहावीत, पण पुरती पाहावीत. केरी गावच्या केसरबाई केरकर १८९२ सालच्या. वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले, हे खरे. परंतु ते काही महिन्यांतच थांबले. पुढे वझेबुवांची तालीम मिळाली, तीही अखंड नव्हती. अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा त्यांनी बांधला तो १९२१ साली, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. ज्या गाण्यासाठी जग त्यांना ओळखते आणि ज्यातली एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ते गाणे तिशीनंतरच्या मेहनतीचे आहे. कुर्डीच्या मोगूबाईंची कथा याहून कठीण. आईची इच्छा लेकीने गाणारी व्हावे ही. लहान वयात नाटक मंडळीत जावे लागले, आई गेली, आणि पंधराच्या सुमारास सांगलीत त्यांचा रियाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला. ते कुर्डी आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मोगूबाईंचे गाणे मात्र कन्या किशोरी आमोणकर यांच्या गळ्यातून पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले. बेळगावकडचे कुमार गंधर्व तर बालपणीच मैफली गाजवीत होते. तरीही अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुंबईस देवधर मास्तरांकडे पाठवण्यात आले आणि तेथे त्यांनी विद्यार्थी म्हणून वर्षे काढली. टाळ्या आधी मिळाल्या होत्या. शिक्षण त्यानंतर घ्यावे लागले.

या चरित्रांतून एकच धडा निघतो. आरंभाचे वय नव्हे, तर मिळालेला गुरू आणि टिकलेली निष्ठा यांनी कलावंत घडवला. आणि आणखी एक ध्यानात ठेवावे, की चरित्रे लिहिली जातात ती टिकलेल्यांची. सहाव्या वर्षी बसवले गेले आणि आठव्या वर्षी कायमचे उठले, अशांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

अशांपैकी एक आम्हीच आहोत. सहाव्या वर्षी वडिलांनी आम्हांला पेटीपुढे बसवले. शिकवायला येणाऱ्या गुरुजींच्या हाती लाकडी पट्टी असे आणि चुकलेल्या बोटावर ती बसे. ते गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनाही तसेच शिकवले गेले होते. पण दोन वर्षांत आमची स्थिती अशी झाली, की संध्याकाळी अंगणातून त्यांच्या वहाणांचा आवाज आला, की पोटात गोळा येई. आठव्या वर्षी आम्ही पेटी सोडली आणि त्यानंतर कित्येक वर्षे मैफलीलाही गेलो नाही. गाण्याचे जे नुकसान व्हायचे ते झाले नसेल. पण एका माणसाचा आनंद दोन तपे मागे पडला, हा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

त्याच घरात दुसरीही एक कथा घडली होती. आमच्या आत्याचा गळा घरात सर्वांत चांगला. पोर्तुगीज अमदानीत, ती दहा वर्षांची असताना, तिच्या भावांना शिकवायला एक बुवा येत. तिनेही बसू का म्हणून विचारले. घरंदाज मुलींनी गाऊ नये, असे उत्तर मिळाले. धालोंच्या मांडावर तिने गायिलेले चाले. तंबोऱ्यासमोर बसलेले चालत नसे. ती रांधणीच्या दाराआड उभी राहून ऐके. भाऊ गाणे विसरले, हिला सारे पाठ राहिले.

हा दोष एका घराचा नव्हता. ज्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी गोमंतकाचे नाव देशभर नेले, त्यांचे गाणे आपल्या समाजाने दुरून ऐकले आणि आपल्या लेकींना त्यापासून अडवून धरले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून संगीताला सामान्य घरांची दारे उघडून दिली. पण कित्येक घरांच्या आतल्या कड्या नंतरही बऱ्याच वर्षांनी निघाल्या. आज मुलीला गायनवर्गात घालताना आपण कोणाच्या उपकाराचे धनी आहोत, याचे भान पालकांनी ठेवावे. त्या थोर स्त्रियांनी जे सोसले त्याचे चीज आपण मुलीच्या हाती केवळ एक चषक देऊन करणार आहोत काय?

कारण आज अडवण्याचा रोग गेला आणि पळवण्याचा आला आहे. मुलाला सारेगम नीट येते न येते तोच प्रारंभिक परीक्षेचा अर्ज भरला जातो. मग प्रवेशिका, मग मध्यमा, आणि दहावीच्या आत विशारद झालाच पाहिजे, असा हिशेब मांडला जातो. परीक्षा वाईट नाहीत. अभ्यासाला त्या शिस्त लावतात. पण मैलाचे दगड मोजण्यासाठी कोणी प्रवासाला निघत नाही. दूरचित्रवाणीवरील बालगायकांच्या स्पर्धांनी तर पालकांची दृष्टीच फिरवली आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी विरहाची लावणी घालून तिला परीक्षकांसमोर उभे करायचे आणि बाद झाल्यावर तिचे अश्रू घराघरांत दाखवायचे, याला संगीतशिक्षण म्हणता येणार नाही. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान त्यांचा आवाज फुटतो. त्या काळात वरच्या पट्टीत ताणून गाऊ नये. मंद्रात, हलक्या गळ्याने, बेताने गावे. ज्या मुलाला आजवर फक्त बक्षिसांसाठी गायला लावले, तो या दिवसांत आवाज गेला म्हणून खचतो. ज्याला गाणे आवडते तो थांबतो, ऐकतो, एखादे वाद्य हाती घेतो आणि पुन्हा गाऊ लागतो.

शेवटी एक मुद्दा शासनासाठी. हा सारा खल फी भरू शकणाऱ्या घरांपुरता राहू नये. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली आणि तिने संगीतशिक्षणाचे मोठे काम केले. परंतु सत्तरी, सांगे, काणकोण येथील प्राथमिक शाळेतील मुलाला आठवड्यातून दोन तास जरी जाणता संगीतशिक्षक लाभला, तरी पाचव्या वर्षी काय आणि आठव्या वर्षी काय, हा प्रश्न निम्म्याने सुटेल. तोवर गावच्या भजनी मंडळींनी आपल्या ओळीत लहानांना जागा द्यावी.

फोंड्याच्या त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे. यंदा फीचे पैसे राहू द्या. रोज सांजवात लावल्यावर मुलीबरोबर तुम्ही स्वतः दहा मिनिटे गा. देवळातील भजनाला तिला घेऊन जा, झोप आली तर खांद्यावर टाकून आणा. दोन वर्षांनी तिनेच विचारले, की मला शिकवायला कोण आहे, तर मुलांवर न रागावणारा गुरू शोधा. त्याचे नाव मोठे नसले तरी चालेल. तुमच्या आजीचे म्हणणे या वेळी मास्तरांपेक्षा अधिक खरे आहे.

आणि उशीर झाला म्हणून कोणी हळहळत असेल, तर आमच्या आत्याचे पुढचे ऐका. बासष्टाव्या वर्षी, संसाराच्या जबाबदाऱ्या उरकल्यावर, ती गावातील गायनवर्गात नाव घालून आली. नातवाच्या वयाच्या मुलांच्या रांगेत बसून तिने पहिला अलंकार घोटला. ती कोणत्याही मंचावर गेली नाही, परीक्षेला बसली नाही. पण त्या संध्याकाळी घरी परतताना तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते ज्या वयात हक्काने मिळायला हवे होते त्या वयात आपण तिला दिले नाही. आपल्या मुलांना ते द्यावे. मात्र पट्टीच्या धाकाने नव्हे.