ट्यूबलाइट बंद करा, पाहुणा आलाय!

रात्रीचे साडेदहा. जर्नल अर्धवट पडलंय आणि हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कुणीतरी ओरडतं, 'अरे, वटवाघूळ!' तुम्ही धावत जाता. ट्यूबलाइटखाली भिंतीवर तळहाताएवढं काहीतरी फडफडतंय. एक जण झाडू आणतो, दुसरा मोबाइल.

झाडू खाली ठेवा. मोबाइल चालेल.

आता पंख नीट बघा. चारही पंखांवर एकेक गोल डोळा आहे? डोळ्याच्या मध्ये काचेसारखी पारदर्शक टिकली? मग हा टसर रेशमाचा पतंग, अँथेरिया मायलिटा. रंग फिकट हिरवा आणि मागे लांब शेपट्या असतील तर मून मॉथ. पारदर्शक खिडक्या त्रिकोणी आणि पंखांची टोकं सापाच्या डोक्यासारखी असतील तर ॲटलस. टसरमधला नर बहुतेकदा विटकरी-तपकिरी, मादी पिवळसर किंवा राखाडी आणि पोटाने जाड. पण रंगावर फार विसंबू नका, अँटेना बघा. पिसासारख्या रुंद, झुपकेदार असतील तर नर.

गंमत म्हणजे या प्राण्याला खाताच येत नाही! तोंडाचे अवयव कामाचेच नाहीत. त्यामुळे चावणं सोडा, तुम्ही ठेवलेलं साखरपाणीही तो पिणार नाही. अळी असताना ऐन-अर्जुनाच्या पानांवर महिनाभर जे ओरपलं, त्याच शिदोरीवर आठवडाभर जगायचं. अंड्यातून आठ-दहा दिवसांत निघालेली इवलीशी अळी चार वेळा कात टाकते, बोटापेक्षा जाड, हिरवीगार होते आणि फांदीला देठाने टांगलेला टणक कोश विणते. हिवाळ्याच्या तोंडावर विणलेल्या कोशातला प्युपा तर थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपून राहतो. मग कोशाचं एक टोक स्वतःच्या लाळेसारख्या द्रवाने मऊ करतो आणि बाहेर येतो.

गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर समाजातली कुटुंबं झाडांवर या अळ्या वाढवतात, पाखरं आणि मुंग्यांपासून राखत. पतंग बाहेर पडला की कोशाला भोक पडतं, सलग धागा निघत नाही. म्हणून पुढच्या पिढीसाठी राखलेले कोश सोडले, तर बाकीचे प्युपा आत असतानाच उकळतात. आईची टसर साडी त्यातूनच येते. साडी नेसू नये असं म्हणत नाहीये, पण माहीत असावं.

तुमच्या भिंतीवरचा मात्र बाहेर पडलाय. अंधारात कुठेतरी मादी गंध सोडतेय, तो अँटेनांनी हुंगत तिच्यापर्यंत पोचायचं, एवढं एकच काम त्याला उरलंय. हातात मोजक्या रात्री. त्यातली एक आपल्या ट्यूबलाइटभोवती गरगरण्यात चाललीय.

तेव्हा फोटो काढा, फ्लॅश न मारता. पंखांना हात लावू नका, खवले निघतात. कॉरिडॉरचा दिवा घालवा, खिडकी उघडी ठेवा आणि झोपायला जा. रील उद्या टाका.