जांभ्याचा चिरा, सत्त्याऐंशीव्या हिश्शाने

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्याच्या परिसरात दगड मुद्दाम शोधावा लागत नाही. पायाखालचा सडा जांभ्याचा, जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या, आंब्याच्या बागेभोवतीचा गडगा जांभ्याचा. आणि औद्योगिक वसाहतीच्या आगमनानंतर सिमेंटच्या इमारतींनी या मुलखाचे रूप कितीही पालटले असले, तरी जमीन जेथे जेथे कापली जाते तेथे तेथे तीच तांबडी, सच्छिद्र, पिवळ्या-जांभळ्या छटांनी चितारलेली भिंत उघडी पडते. कोकण रेल्वेचा मार्ग याच भूमीतून गेलेला असल्यामुळे, येथील एखाद्या हौशी गृहस्थाने घराच्या माडीवर लघुरूप रेल्वेची मांडणी करावयाचे मनावर घेतले, तर त्याच्यापुढे उभा राहणारा सर्वांत कठीण प्रश्न इंजिनाचा नसतो. इंजिन विकत मिळते, डबे मिळतात, रूळही मिळतात. जांभ्याची भिंत मात्र सहसा कोणत्याही कारखानदाराच्या यादीत सापडत नाही, ती ज्याची त्याने आपल्या हाताने घडवावी लागते.

या छंदाची ओळख मराठी वाचकाला अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरूप रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि तेथे गाड्या, सिग्नल, घाट आणि वस्ती यांचे जे एकत्र दृश्य दिसते ते पाहून कित्येक मुलांनी आणि त्यांच्याहून अधिक प्रौढांनी घरी येऊन पुठ्ठा आणि कात्री हाती घेतली असेल. जगभर सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे होय. म्हणजे प्रत्यक्षातील सत्त्याऐंशी मिलिमीटर लांबी येथे एका मिलिमीटरात बसवावयाची. या प्रमाणाच्या तयार रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर असते, कारण ती युरोपातील १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गावरून ठरविलेली आहे. आपला ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटरांचा, आणि त्याचे न्याय्य रूप १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक भरते. ही तफावत बहुतेक हौशी मंडळी निमूटपणे पत्करतात, आणि माझ्या मते त्यात फारसे बिघडत नाही, कारण गाडी धावत असताना रुळांतील अंतर मोजण्याइतकी उसंत पाहणाऱ्याला मिळत नाही. भिंतीची गोष्ट वेगळी आहे. भिंत स्थिर असते आणि नजर तिच्यावर मनसोक्त रेंगाळू शकते.

परदेशी बनावटीचे जे दगडी पूल आणि बोगद्यांची जी तोंडे तयार मिळतात, ती आपापल्या प्रदेशाशी प्रामाणिक असतात: कोठे करडा चुनखडक, कोठे ग्रॅनाइट, कोठे लाल वीट. ती आणून कोकणातील मांडणीत बसविली की सारा देखावा परका होऊन बसतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात देखील दगड घाटागणिक बदलतो. १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग हा काळ्या बेसाल्टचा, घडीव दगडांच्या कमानींचा आणि पंचवीस बोगद्यांचा संसार. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले, ही हकिकत रेल्वेच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. ३७ फुटांत एक फूट असा तेथील चढ, आणि तो पेलणाऱ्या भिंती साहजिकच अवजड, गंभीर व श्यामवर्ण. १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली कोकण रेल्वे ही त्यामानाने काँक्रीटच्या युगाची कन्या आहे. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल संपूर्ण काँक्रीटचा; त्याची प्रतिकृती केली तर ती पाऊण मीटर उंच आणि पाच मीटरांना थोडी कमी इतकी लांब होईल, परंतु तिच्यात पाथरवटाला काम नाही. या मार्गावर दगड दिसतो तो मुख्यतः भूमीच्या पोटातला: दोन्ही बाजूंनी उभ्या कापलेल्या खिंडींत, पावसाळ्यात दरडीला आवर घालण्यासाठी लावलेल्या पोलादी जाळ्यांच्या आड, आणि मग स्थानकाबाहेर पडल्यावर गावातल्या घरांच्या जोत्यांत, देवळांच्या प्राकारांत, बागांच्या गडग्यांत. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० च्या सुमारास रत्नागिरीत बांधलेला राजवाडादेखील याच तांबड्या दगडाच्या कुळातला. तेव्हा मिरजोळ्याच्या माणसाने बोरघाटाची नक्कल करू नये, आपल्या अंगणातला दगड ओळखावा, असे मला आग्रहपूर्वक सांगावेसे वाटते.

हा दगड ओळखण्यासाठी चिरेखाणीवर जाणे अपरिहार्य आहे. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तांतात मलबारातील या खडकाचे जे वर्णन केले, त्यात मुख्य आश्चर्य हेच आहे की भूमीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि उघड्या हवेत ठेवला की कठीण होत जातो. त्यात लोहाचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे संयुग विपुल असते. मूळ खडकातील विद्राव्य अंश युगानुयुगांच्या पावसाने वाहून नेले, आणि मागे राहिले ते हे गंजाच्या रंगाचे, भोकाभोकांचे अवशेष. पूर्वी टिकावाने आणि आता बहुतांशी यंत्राच्या फिरत्या पात्याने कापलेला चिरा साधारणपणे सव्वा फूट लांब आणि सहा-सात इंच उंच असतो. सत्त्याऐंशीव्या हिश्शाने तो सुमारे चार मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर उंच होतो. अर्धा इंच जाडीची चुन्याची दर्ज मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी, म्हणजे केसाहून फार जाड नाही. तयार साच्यांतील भिंती पाहून काहीतरी चुकल्यासारखे वाटते त्याचे कारण बहुधा येथेच असते. त्यांतल्या दर्जा प्रमाणाने दोन-तीन इंच रुंद पडलेल्या असतात, आणि अशी भिंत कोणताही गवंडी बांधणार नाही.

याच हिशेबातून दुसरी एक गोष्ट निष्पन्न होते, आणि ती पुष्कळांना अनपेक्षित वाटते: खऱ्या जांभ्याचा तुकडा लघुरूप जांभा म्हणून चालत नाही. त्याची छिद्रे मूळ आकाराचीच राहतात, आणि दोन मिलिमीटर उंचीच्या चिऱ्यात एक मिलिमीटरचे भोक म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन इंचांचे विवर. दगडाचा सच्छिद्रपणा येथे कोरून दाखवावयाचा नसतो, रंगाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी सुचवावयाचा असतो. गडग्याची गोष्ट मात्र अपवादात्मक आहे. तो अनघड दगडांचा आणि बिनचुन्याचा असल्यामुळे, जांभा फोडून चाळणीने चाळलेली बारीक खडी चिमट्याने एकेक बसवीत गेल्यास तो उत्तम साधतो.

आता द्रव्याचा विचार. पुस्तकांत बहुधा पुठ्ठा सुचविलेला असतो, आणि कोरड्या हवेच्या देशात तो गुणी आहे यात शंका नाही; पण ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे आषाढ-श्रावणात पुठ्ठ्याला पोक येते, थर सुटतात आणि कोपऱ्यांतून बुरशी डोकावते. पुठ्ठाच वापरावयाचा असेल तर दोन्ही अंगांना लाखेच्या रोगणाचा हात देऊन मगच तो कापावा. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी नमुन्यांसाठी वापरतात तो सनबोर्ड अधिक भरवशाचा: तो पाणी पीत नाही, धारदार पात्याने कापता येतो, आणि टोकदार सुईने त्याच्यावर रेघ उमटते. तिसरा पर्याय प्लास्टर ऑफ पॅरिसचा. पाण्यात प्लास्टर भुरभुरावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. काचेवर चार-पाच मिलिमीटर जाडीची लादी ओतावी, आणि ती घट्ट झालेली पण अजून ओलसर असताना कोरण्यास घ्यावी. पूर्ण वाळलेली लादी कोरताना कपचे उडतात. तेव्हा ब्रशाने थोडे पाणी लावून ती पुन्हा ओलावून घेणे श्रेयस्कर.

कोरण्याचा क्रम हा गवंड्याच्याच कामाचा क्रम आहे, आणि तो मोडला की भिंत खोटी पडते. प्रथम पोलादी पट्टी लावून आडव्या थरांच्या रेघा खालून वर ओढाव्यात, नंतर उभे सांधे घालावेत. आणि खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थरातील चिऱ्याचा मध्य यावा हा नियम कोठेही सोडू नये. कोपऱ्यावर एका थरात चिऱ्याची लांब बाजू दिसली तर वरच्या थरात आखूड बाजू दिसली पाहिजे, आणि दोन भिंतींचे थर कोपऱ्यात एकाच पातळीवर मिळाले पाहिजेत. कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे, त्यांचे सांधे कमानीच्या मध्यबिंदूकडे धावणारे, संख्या विषम, म्हणजे शिरोभागी एकच कळीचा दगड येतो. कमानीच्या पोटाची आतली बाजूही कोरावी लागते. ती कोरी राहिली तर पूल कागदाचा आहे हे पहिल्या नजरेत कळते. पाहणाऱ्याला बांधकामशास्त्र अवगत नसेल, पण जन्मभर त्याने खऱ्या भिंती पाहिलेल्या असतात, आणि ही भिंत वरचा भार खरोखर पेलील काय याचा निवाडा त्याचा डोळा त्याच्या नकळत करीत असतो. या निवाड्याचे गांभीर्य प्रत्यक्षात किती असते याचा दाखला बोरघाटानेच दिला आहे: १८६७ च्या पावसाळ्यात तेथील एक मोठा कमानींचा पूल कोसळला, आणि निकृष्ट दगडकाम त्याला कारण ठरले.

रंगकाम हा या साऱ्या उद्योगाचा प्राण. जांभ्याला तांबडा म्हणून आपण मोकळे होतो, परंतु एकाच भिंतीतील दहा चिरे जवळून पाहिले तर कोणी विटकरी, कोणी पिवळसर, कोणी फिकट गुलाबी, कोणी जवळजवळ जांभळा असे आढळते. म्हणून प्रथम सबंध भिंतीवर फिकट मातकट रंगाचा एकसारखा हात द्यावा. तो वाळल्यावर गेरू, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना यांची तीन-चार मिश्रणे बशीत तयार ठेवून, बारीक ब्रशाने सुटे सुटे चिरे टिपावेत. एका रंगाचे दोन चिरे शेजारी आले तर हरकत नाही, पण बुद्धिबळाच्या पटासारखी नियमितता येऊ देऊ नये. मग दर्जा. पांढुरक्या करड्या रंगात पुष्कळ पाणी घालून तो भिंतीवर सोडावा. तो आपोआप रेघांत उतरतो, आणि दगडांच्या तोंडावर राहिलेला अंश ओलसर फडक्याने पुसून घ्यावा. शेवटी ब्रशावरील रंग कागदावर जवळजवळ संपूर्ण पुसून, उरलेल्या कोरड्या अंशाने दगडांच्या उंचवट्यांवर हलकेच फिरवावे, म्हणजे कडा उजळतात. सर्व रंग मंद आणि चमकविरहित असले पाहिजेत. शिवाय ते मूळ दगडाहून थोडे फिकेही असावेत, कारण हातभर अंतरावरून पाहिलेली ही भिंत प्रत्यक्षात पन्नास मीटरांवरून पाहिल्यासारखी असते आणि मधली हवा रंगाची धार कमी करीत असते. खाणीतून आणलेल्या तुकड्याशी तंतोतंत जुळविलेला रंग मांडणीवर भडक दिसतो तो याच कारणाने. ज्या दिव्याखाली मांडणी पाहावयाची त्याच दिव्याखाली रंग मिसळावेत, ही दक्षताही फार उपयोगी पडते.

यानंतर पावसाचे काम आपण करावयाचे. कोकणातील भिंतीचे वय तिच्या काळेपणावरून कळते. कठड्याच्या वरच्या अंगावर शेवाळ वाळून झालेला काळा थर, जेथून पाणी निथळते तेथून खाली उतरलेले ओघळ, जमिनीलगतच्या दोन-तीन थरांवर हिरवट छटा, आणि चुना विरघळून बाहेर आलेले पांढरे डाग: हे सारे पातळ रंगाने व खडूच्या वस्त्रगाळ पुडीने दाखविता येते. पाणी वरून खाली येते, सबब प्रत्येक ओघळाला उगम असला पाहिजे; आधारभिंतीत पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे आधी दाखवावीत आणि डाग त्यांच्याखालीच द्यावेत. बोगद्याच्या तोंडावर काजळी द्यावी की नाही हेही इतिहासाला विचारावे. बोरघाटात विजेची गाडी १९३० च्या सुमारास आली, तोवर वाफेच्या इंजिनांनी तेथील कमानी धुराने माखून टाकल्या होत्या. कोकण रेल्वे मुळात डिझेलच्या काळात जन्मली आणि २०२२ पर्यंत तिचे संपूर्ण विद्युतीकरणही झाले, त्यामुळे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांब बोगद्याच्या तोंडावर दाट काजळी फासणे हा त्या मार्गावर अन्याय होईल.

इतका बारकावा कशासाठी, असे कोणी विचारील. इंग्लंडात रॉय इंग्लंड या मूळच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने उभे केलेले पेन्डन नावाचे एक संग्रहालय आहे. डोळ्यांदेखत नामशेष होत चाललेली खेड्यांतील जुनी घरे पाहून अस्वस्थ झालेल्या या माणसाने त्यांची मापे, रंग आणि तपशील टिपून ठेवण्याचा ध्यास घेतला, आणि पुठ्ठ्यावर एकेक दगड कोरून, जलरंगांनी रंगवून ती गावे लहान आकारात पुन्हा वसविण्याचे कार्य १९५४ पासून तेथे चालू झाले. आज ती मांडणी १९३० च्या आसपासच्या त्या मुलखाचा विश्वसनीय दस्तऐवज मानली जाते. कोकणात चिऱ्यांची कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे उठत आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांच्या सोयीचा विचार करता त्यांना दोष देता येणार नाही. परंतु पाडण्यापूर्वी जोत्याची उंची किती होती, पडवीचे खांब किती अंतरावर होते, चिऱ्यांचे थर किती होते, हे मोजपट्टीने मोजून वहीत उतरवून घेतले, तर सरकारी दप्तरात कोठेही न सापडणारी माहिती त्या वहीत शिल्लक राहील.

नवशिक्याने मात्र राजवाड्यापासून किंवा स्थानकापासून आरंभ करू नये. भरावाखालून ओढ्याचे पाणी नेणारी एक लहानशी मोरी घ्यावी. सहा फुटांचा गाळा एकवीस मिलिमीटरांत येतो. एक कमान, दोन तिरक्या पंखभिंती, वर पुढे आलेला कठड्याचा थर, एवढ्यात थर, सांधा, कोपरा, कमान, ओघळ आणि शेवाळ हे सारे धडे येऊन जातात, आणि फसली तर गमावलेले द्रव्य तळहाताएवढेच असते. भिंतीचा पाया जमिनीवर नुसता टेकवू नये. मांडणीच्या पृष्ठभागात तो पाच-सहा मिलिमीटर खोल रोवून मग भोवती माती, गवत आणि गाळ भरावा, नाहीतर खालून उजेडाची फट दिसते आणि सारी मेहनत वाया जाते. मिरजोळ्याहून रत्नागिरीकडे जाताना अशी एखादी मोरी हेरून ठेवावी, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि काम करताना दोन्ही समोर ठेवावीत.