बोलणारे माईक

दिवाळीनंतर आमच्या गोंदिया जिल्ह्यात चिचगड-देवरीकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की रंगमंचावर वरून माईक लोंबतात आणि नट संवाद फेकायला नेमका त्यांच्याखाली येतो. माईकने ऐकायचं आणि भोंग्याने बोलायचं, हा आपला हिशोब. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांनी तो उलटा केला.

‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ ही त्यांची मांडणी २०१८ साली कोची बिनाले या कलाप्रदर्शनात, ॲस्पिनवॉल हाउसमध्ये होती. ॲस्पिनवॉल हे १८६७ साली सुरू झालेल्या व्यापारी कंपनीचं ठाणं. मिरी, काथ्या, लाकूड, चहा इथूनच बोटींवर चढे. पुढे त्या वखारींत कला मांडली जाऊ लागली.

अंधाऱ्या दालनात छताला १०० माईक टांगलेले. प्रत्येकाखाली एक लोखंडी सळई, तिच्या टोकात खुपसलेला कागद आणि कागदावर कवितेच्या ओळी. हे १०० कवी आठव्या शतकापासून आजपर्यंतचे. लिहिण्यापायी किंवा विचारांपायी तुरुंगात गेलेले. माईकमध्ये पडदा असतो, तसा स्पीकरमध्येही असतो. म्हणून वायरिंग फिरवून माईकलाच बोलतं केलं आहे. एक माईक ओळ म्हणतो, मग बाकीचे ९९ ती उचलतात, आपल्या भजनातल्या झीलकऱ्यांसारखे. अरबी, रशियन, अझेरी कळत नाही, पण आवाज कुठून आला हे शोधत माणूस सळयांमधून फिरत राहतो. शीर्षकामागे चौदाव्या शतकातला अझरबैजानी कवी नसीमी आहे. त्याला विचारांपायी ठार मारलं गेलं.

२०१९ मध्ये हीच मांडणी व्हेनिसच्या आर्सेनालेत, म्हणजे जुन्या जहाजबांधणी कारखान्यात गेली. माझ्या मते ती चकचकीत गॅलरीपेक्षा अशाच जागी शोभते. तिला उंच छत हवं, आवाज पसरायला लांबी हवी, आणि ज्या भिंतींनी आधी कामाचा गोंगाट ऐकला आहे त्या कवितेला बुजत नाहीत. मुंबईत गिरण्या बंद पडल्यावर अनेक जागी टॉवर उठले. फिनिक्स मिलचा तर मॉल झाला. असो.

गोंदिया हा तांदळाचा जिल्हा, राइस मिलचा. अशी मांडणी इथेही व्हावी. १०० माईक नकोत, दहा पुरे. दंडारीची गाणी आणि गोंडी पाटा, म्हणजे गोंडी गाणी, म्हणणारे म्हातारे अजून आहेत, त्यांचे आवाज टिपून घ्यावेत. बंद मिलच्या एखाद्या मालकाने महिनाभर एक शेड द्यावी, एवढंच मागणं आहे.