ट्रिस्टन द कुन्या बेटावरील निवडणूक

दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन द कुन्या ही जगातील सर्वांत दुर्गम मानवी वस्ती समजली जाते. तेथे विमानतळ नाही. केप टाऊनहून बोटीने पोहोचण्यास सुमारे आठवडा लागतो. अडीचशेहूनही कमी लोकवस्तीच्या ह्या ब्रिटिश बेटाचा कारभार बेट-परिषदेच्या विचाराने चालतो. परिषदेवर आठ सदस्य निवडून येतात, तिघांची नियुक्ती होते व ब्रिटनने पाठविलेला प्रशासक अध्यक्षस्थानी असतो. निवडणूक दर तीन वर्षांनी होते. किमान एक महिला सदस्य असावीच, असा नियम आहे.

राजकीय पक्ष नाहीत. आडनावेही मोजकीच, त्यामुळे उमेदवार म्हणजे कुणाचा मामा, तर कुणाची चुलत बहीण! निकालानंतर शेजारी-शेजारीच बटाट्याची शेती करावयाची असते. अशा ठिकाणी गुप्त मतदानाचे मोल शहरापेक्षा अधिक, असे आम्हांस वाटते.

मताचे महत्त्व हे लोक पूर्वीपासून जाणतात. १९६१ साली ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे सर्वांना ब्रिटनमध्ये हलविण्यात आले. तेथे सुखसोयी होत्या, नोकऱ्याही मिळाल्या. तरीही १९६२ साली मतदान झाले तेव्हा १४८ जणांनी बेटावर परतण्याच्या बाजूने कौल दिला. विरोधात मते पडली अवघी पाच. पुढील वर्षी बहुतेक कुटुंबे आपल्या घरी परतली.