मोबाईल, गुडघे आणि दगडफूल

बेळगावात पाऊस लागला की घराघरांत दोनच बेत निघतात. अंबोली, नाहीतर चोर्ला. फोटोही ठरलेले: धबधब्यासमोर एक, भाजलेल्या कणसाबरोबर एक, धुक्यात गाडीला टेकून एक. हे सगळे फोटो मीही काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. पण गेले चार पावसाळे माझा बराचसा वेळ जमिनीवर गुडघे टेकून जातो. येणारे-जाणारे थांबून विचारतात, "काय हरवलंय काय?"

माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही. साधा मोबाईल आहे आणि त्याला चिमट्यासारखी अडकवायची, काहीशे रुपयांची मॅक्रो लेन्स. तिच्यातून बघायचं तर वस्तूच्या अगदी दोन-तीन सेंटीमीटर जवळ जावं लागतं. आणि फोकस एवढा नाजूक, की मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात. वारा सुटला की खेळ संपला. म्हणून सकाळी लवकर निघायचं, कोपरं जमिनीवर टेकायची, श्वास धरून दहा-बारा फोटो काढायचे. त्यातला एखादा बरा निघतो. उन्हाच्या उलट बाजूला पांढरा कागद धरला तर सावलीतही उजेड पोचतो. एवढं सामान पुरतं.

यासाठी घाटापर्यंत जायलाही नको. परसातली चिऱ्याची भिंत बघा. पावसात तिच्यावर हिरवं मऊ शेवाळ चढतं. त्यातून केसाएवढ्या काड्या वर येतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एक बारीक कुपी असते. कुपीवर टोपी, टोपी गळाली की खाली झाकण, आणि झाकण उडालं की तोंडाभोवती दातांची रांग. हवा कोरडी झाली की पुष्कळ जातींत हे दात उघडतात आणि आतले बीजाणू वाऱ्यावर जातात. दिवाळीच्या आधी ही भिंत आपण तारेच्या ब्रशने घासून काढतो.

मृगाचा किडा तर सगळ्यांनी लहानपणी काडेपेटीत ठेवलेला असतो. लाल मखमलीचा ठिपका. फोटो काढताना मोबाईलला हा लाल रंग झेपत नाही, नुसता डाग येतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा कमी केला तर मखमलीचा एकेक केस दिसतो, आणि पायही मोजता येतात. ते आठ असतात! म्हणजे नाव किडा असलं तरी हा कोळ्याच्या गोतावळ्यातला. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीतच असतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. ते थोडे दिवस काडेपेटीत जाऊ नयेत, असं आता वाटतं.

सगळ्यात गंमत झाली ती एका राखाडी पापुद्र्याची. झाडाच्या खोडावर कडा मुरडलेलं काहीतरी चिकटलेलं होतं. फोटो ग्रुपवर टाकला. माझ्या मामेभावाने लगेच इंग्रजी नाव लिहिलं, लायकेन. आज्जीने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "अरे, हे दगडफूल की रे. दरवर्षी मसाल्याला घालतोय आपण." खरंच, डब्यातलं दगडफूल काढून शेजारी ठेवलं तर तेच कुळ. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार आहे: शैवाल उन्हावर अन्न बनवतं, बुरशी त्याला आसरा देते. वाढ अगदी संथ, पुष्कळ जातींत वर्षाला जेमतेम काही मिलीमीटर. शेजारच्या काकू कन्नडमध्ये त्याला 'कल्लू हूवु' म्हणतात. अर्थ तोच, दगडाचं फूल.

तेव्हापासून फोटो आधी आज्जीला दाखवतो, मग इंटरनेटला विचारतो. आमच्या पिढीला शाळेतली नावं येतात, घरातली येत नाहीत. आणि नुसतं "आज्जी, झाडांची नावं सांग" म्हटलं तर तिला काही आठवत नाही. फोटो समोर आला की नाव आपोआप निघतं.

अंबोलीच्या सड्यावर याच नजरेने गेलो तेव्हा मात्र वाईट वाटलं. कातळ ओसाड दिसतो म्हणून लोक त्यावर बिनधास्त गाड्या लावतात. आणि त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुललेली असतात. निळसर जांभळी, नखाएवढी. मातीखाली त्यांच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती, चिकट थेंबांवर चिलटं धरून ठेवणारी. 2009 साली शास्त्रज्ञांनी जगापुढे आणलेला अंबोलीचा छोटा टोड याच सड्यांवरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. म्हणजे टायरखाली जे पाणी उडतं, ते कुणाचं तरी बाळंतघर असू शकतं. आमची गाडी आता डांबरी रस्त्याकडेलाच थांबते. चालायला लागतं म्हणून पोरं कुरकुरतात, ते वेगळं.

फोटो काढलात तर तारीख आणि जागा नोंदवून ठेवा. आयनॅचरलिस्टवर टाकलात तर जाणकार ओळख पटवायला मदत करतात. आणि एक काम: गवताच्या काडीवर थुंकी पडल्यासारखा फेस दिसतो बघा, पावसाळ्यात? त्याच्या आत एक हिरवट पिल्लू बसलेलं असतं, स्वतःच केलेल्या फेसात लपून. तुमच्या घरात, खानापूर-निपाणीकडे, त्याला काय म्हणतात ते घरातल्या मोठ्यांना विचारून आम्हाला लिहून पाठवा.