सुरत, बडोदे की अहमदाबाद? गठुडे बांधण्याआधी

कापसाची दुसरी वेचणी आटोपली, हरभरा पेरून झाला, की नंदुरबार, शहादा, शिंदखेडा, अमळनेर या भागात संध्याकाळी ओट्यावर एकच विषय निघतो. दोन भाऊ आणि पाच एकर कोरडवाहू. दोघांच्या संसाराला ते पुरत नाही. थोरला म्हणतो, "शेत मी पाहतो, तू बाहेर पड." धाकटा म्हणतो, "पडतो, पण जाऊ कुठे?" मग ज्याचा साडू सुरतेला असतो तो सुरतेचे गुण गातो. ज्याचा मामेभाऊ बडोद्याला तो बडोद्याचे. कोणाचा शाळासोबती अहमदाबादला असतो, त्याने पाठवलेला फोटो हातोहात फिरतो. आई दाराशी बसून ऐकते. धाकटी सून मात्र काहीच बोलत नाही. खरे तर दिवसभर त्या परक्या गावच्या खोलीत तिलाच राहायचे असते.

वाचकहो, तुमच्याही घरी हा विषय निघाला असेल, नाहीतर उद्या निघेल. गाव सोडावे की सोडू नये, हा वाद आज घालायचा नाही. ज्यांचे जायचे ठरले आहे, त्यांनी शहर कसे निवडावे, एवढेच पाहू.

हद्दीपलीकडचे शेजारघर

खानदेशातल्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा गुजरात जवळचा वाटतो, त्याला कारण आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. हद्द आखली गेली, पण नाती, बाजार आणि रेल्वे होती तिथेच राहिली. नवापूरचे स्टेशनच पाहा ना. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत! जळगावहून निघालेली गाडी धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत व्यारा, बारडोलीवरून उधन्याला पोचते. उधना म्हणजे सुरतेचे दारच. भाषेचेही तसेच आहे. अहिराणी बोलणाऱ्या बाईला गुजराती कानावर पडले तर ती गोंधळत नाही. अक्षरांची वरची रेघ काढून टाकली की निम्मी अक्षरे ओळखीची वाटू लागतात.

पण शेजारघर झाले तरी ते दुसऱ्याचे घर. तिथले कायदे वेगळे, कागदपत्रे वेगळी, शाळा वेगळी. हे विसरून गेलेले लोकच पुढे अडचणीत येतात.

सुरत : काम लवकर, उसंत कमी

हातात खास कसब नसेल आणि काम लगेच हवे असेल, तर सुरतेसारखे शहर नाही. यंत्रमाग, कपडा रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिला, साड्यांची घडी, पॅकिंग, भरतकामाची यंत्रे, रिंग रोडवरचे कापड मार्केट, शिवाय हिऱ्याचे कारखाने. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशी माणसांची इतकी वस्ती आहे की भाजीवालीशी अहिराणीत बोलले तरी चालते. पहिल्या महिन्यात हा फार मोठा आधार असतो.

आता दुसरी बाजू. मागावरचे काम बहुधा बारा तासांच्या पाळीचे आणि मजुरी विणलेल्या कापडावर. माग बंद तर मजुरी बंद. दिवाळीत कारखाने बरेच दिवस बंद राहतात. हिऱ्याच्या धंद्याचे दोर तर परदेशच्या बाजाराशी बांधलेले. २००८ साली तिकडे मंदी आली आणि इकडे हजारो कारागिरांना घरी बसावे लागले. शिवाय एका खोलीच्या संसारात रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार आणि त्याच खोलीत मुले अभ्यास करणार, हेही आधीच डोळ्यांपुढे आणावे.

सुरतेला तापीचे वरदान आहे, तसा तापीचा धाकही आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. १९९४ साली याच शहरात प्लेगची साथ आली होती, तेव्हा लोक मिळेल त्या गाडीने पळाले होते. मात्र न्याय्य बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे, की त्यानंतर महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराने कात टाकली. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह देशात पहिला क्रमांक मिळवला. तेव्हा ऐकीव गोष्टींवर भिऊ नका, पण खोली घेताना "२००६ मध्ये इथे पाणी किती चढले होते?" हा प्रश्न शेजाऱ्याला जरूर विचारा.

बडोदे : शिक्षण असेल त्याला

सुरतेच्या पुढे सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर बडोदे. मराठी माणसाला हे नाव परके नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आज तिथले विद्यापीठ त्यांच्याच नावाने चालते. दांडिया बाजारासारख्या भागात पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरे आहेत. मात्र ती जुनी, स्थिरावलेली मंडळी. सुरतेसारखा "आपल्या गावचा माणूस" इथे दर गल्लीत भेटेलच असे नाही.

बडोद्याच्या आसपास कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, खतांचे आणि रसायनांचे कारखाने, विजेच्या सामानाचे उद्योग आहेत. इथे आय.टी.आय. झालेल्या फिटरला, वेल्डरला, इलेक्ट्रिशियनला, डिप्लोमा झालेल्या मुलाला वाव आहे. नुसत्या हातांच्या जोरावर जाणाऱ्याला बहुधा ठेकेदाराच्या दारातून आत शिरावे लागते. शहर सुरतेपेक्षा शांत आहे. पावसाळ्यात मात्र विश्वामित्री नदी खवळते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या पुराने शहरात हाहाकार उडवला. तेव्हा नदीकाठची स्वस्त खोली इथेही महागात पडते.

अहमदाबाद : काम हातात असेल तरच

अहमदाबाद बडोद्याच्याही पुढे शंभर किलोमीटर. शहर मोठे, कामाचे प्रकार अनेक. औषधांचे कारखाने, तयार कपडे, गोदामे, बांधकाम, साणंदकडची मोटारींची कारखानदारी. २००९ पासून वेगळ्या मार्गावरून धावणाऱ्या बस आहेत, २०१९ पासून मेट्रो आहे. पण या शहराकडून एक धडा घ्यावा. एके काळी कापडगिरण्यांमुळे याला हिंदुस्थानचे मँचेस्टर म्हणत. गिरणीत चिकटला तो जन्माचा सुखी झाला, असा समज होता. १९८० आणि १९९० च्या दशकांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि जन्माचे सुखी रस्त्यावर आले. म्हणून शहर कोणतेही असो, आपला धंदा बुडाला तर शेजारी दुसरा कोणता धंदा आहे, हे पाहावे. या कसोटीवर अहमदाबाद चांगले उतरते. मात्र ते घरापासून लांब, पसरलेले आणि खर्चिक. नेमणुकीचा कागद हातात असेल तर खुशाल जा. काम शोधायला म्हणून बायकामुलांसह तिथे उतरू नका.

पगार पाहू नका, शिल्लक पाहा

हिशेबाची रीत समजावी म्हणून काही आकडे मांडतो. ते निव्वळ उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा, सुरतेत महिना १६,००० रुपये मिळतात. खोलीभाडे ४,०००, किराणा, दूध, गॅस आणि वीज मिळून ७,०००, कामावर जाण्या-येण्याचे ५००, गावी येण्याजाण्यासाठी ५००. उरले ४,०००. अहमदाबादेत समजा १८,००० मिळतात. भाडे ५,५००, घरखर्च ७,५००, रोजचा प्रवास १,५००, गावी येण्याजाण्याचे १,०००. उरले २,५००. पगार दोन हजारांनी जास्त आणि शिल्लक दीड हजाराने कमी! मित्राने पाठवलेल्या फोटोत हा हिशेब दिसत नसतो.

या हिशेबात आणखी एक रकाना धरा. पेरणी, कापूस वेचणी, आईचे आजारपण, घरातले लग्न, अशा वेळी घरी पोचायला किती तास लागतात? नंदुरबारकडच्या माणसाला सुरतेहून संध्याकाळी गाडीत बसले तर रात्री घरचे अंथरूण गाठता येते. शेत मागे ठेवून जाणाऱ्याला ही सोय हजार-दोन हजारांच्या पगारापेक्षा मोठी आहे.

मुलांची शाळा आणि कागदपत्रे

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न मुलांच्या शाळेचा. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमही आहे. पण तुम्ही घेतलेल्या खोलीपासून ती शाळा किती दूर, आणि आठवीनंतर मुलगी कुठे जाणार, हे आधी विचारा. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सर्व शाळांना बंधनकारक आहे. लहान मुले ती भाषा खेळता खेळता शिकतात. नववी-दहावीच्या मुलाला किंवा मुलीला मात्र मध्येच उचलून नेऊ नका. वर्ष वाया जाते, आणि वर्ष वाया गेलेली मुलगी पुष्कळदा पुन्हा शाळेत जातच नाही. दहावी होईपर्यंत तिला आजीजवळ ठेवावे लागले तरी ठेवा. पुढे व्यवसायशिक्षणाच्या प्रवेशाला दहावी-बारावी कोणत्या राज्यातून केली, हे विचारले जाते, तेही ध्यानात असू द्या.

जातीच्या दाखल्याचेही असेच. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर गुजरात सरकारच्या नोकरीत आरक्षण मिळेल, असे धरून चालू नका. राज्य बदलून गेलेल्यांना ही सवलत सहसा मिळत नाही. रेशनचे मात्र सोपे झाले आहे. रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या जोड्यांपासून झाली, त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक होती. आधार जोडलेले असेल तर अन्नसुरक्षेतले धान्य तिथल्या दुकानातही मिळते. गावातले कार्ड रद्द करण्याची घाई करू नका. भाडेकरार लेखी करा. कामावर लागताना भविष्यनिर्वाह निधीचा नंबर आणि ई.एस.आय.चे कार्ड मागून घ्या.

आणि एक गोष्ट खास भगिनींसाठी. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणून नवऱ्याचे व्यसन आपोआप सुटेल, या आशेवर राहू नका. चोरटी दारू तिथेही मिळते आणि ती अधिक घातकी असते. जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात विषारी दारूने कित्येक घरे उजाड केली.

आधी महिनाभर एकट्याने

आता शेवटचा सल्ला. मळणीआधी आपण मूठभर कणसे चोळून पाहतो, तसेच शहरही चाखून पाहा. पहिला महिना पुरुषाने एकट्याने जावे, ओळखीच्या माणसाकडे खाणावळीचे पैसे देऊन राहावे. काम खरेच मिळते का, पगार ठरल्या तारखेला होतो का, हे पाहावे. मग पत्नीला चार दिवस नेऊन खोली दाखवावी. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, संडास किती खोल्यांत मिळून एक, दवाखाना कुठे, संध्याकाळी मुलगी एकटी दुकानात जाऊ शकेल का, हे बायकांच्या नजरेलाच दिसते. तिने "नको" म्हटले तर ती खोली नको. गरज पडली तर ते शहरही नको.

आणि शेत विकून जाऊ नका. वाट्याने द्या, भावाकडे ठेवा, पण सातबाऱ्यावरचे नाव राहू द्या. शहरातला धंदा बसला तर परत येऊन उभे राहायला तेवढीच जागा असते.

कसब नसलेल्या, शेत आणि म्हातारी माणसे मागे ठेवून जाणाऱ्या खानदेशी घराला मी सुरत सांगेन. शिकलेल्या कारागीर मुलाला बडोदे, आणि पक्के काम हातात असलेल्यास अहमदाबाद. पण माझ्यापेक्षा तुमच्या घरचा हिशेब तुम्हाला चांगला कळतो. तेव्हा आज संध्याकाळी ओट्यावर विषय निघाला, की आतापर्यंत गप्प बसलेल्या त्या धाकट्या सुनेला विचारा, "तुला काय वाटतं, बाई?" आणि तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.